मार्क बोलन : अप्रकाशित ध्वनिमुद्रणे

इंग्लिश ग्लॅम रॉक गायक, गीतकार व गिटारवादक मार्क बोलन (३० सप्टेंबर १९४७ – १६ सप्टेंबर १९७७) याने स्टुडिओत मुद्रित केलेली, पण त्याच्या हयातीत बाजारात न आलेली गाणी, डेमो आणि प्रसिद्ध गाण्यांची पर्यायी रूपे. त्यांतील बराच भाग त्याच्या मृत्यूनंतर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला.

बोलनचा जन्म लंडनच्या हॅकनी भागात झाला. मूळ नाव मार्क फेल्ड. १९६७ मध्ये त्याने स्टीव्ह पेरेग्रिन टुक याच्यासह ‘टिरॅनोसॉरस रेक्स’ ही जोडी उभी केली. १९७० मध्ये तिचे नाव ‘टी. रेक्स’ झाले आणि साध्या गिटारची जागा इलेक्ट्रिक गिटारने घेतली. १९७१ मध्ये ‘हॉट लव्ह’ हे गाणे ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ते गाण्यासाठी बोलन डोळ्यांखाली चमकी लावून दूरचित्रवाणीवर आला, आणि ग्लॅम रॉकचा आरंभ बहुतेक जण तिथूनच मानतात. लंडनमधील बार्न्स येथे मोटार अपघातात तो दगावला, तेव्हा त्याचा तिसावा वाढदिवस अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता.

या साठ्यातील सर्वांत जुन्या मुद्रणांपैकी काही १९६६ ची आहेत. निर्माता सायमन नेपियर-बेल याच्यासाठी बोलनने ती केवळ आवाज व गिटार एवढ्यावर केली. बोलन कीर्तीच्या शिखरावर असताना, १९७२ मध्ये, ट्रॅक रेकॉर्ड्सने ‘हार्ड ऑन लव्ह’ या नावाने जुन्या मुद्रणांचा अल्बम काढण्याचा घाट घातला. बोलनने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवून तो रोखला. हा संग्रह पुढे १९७४ मध्ये ‘द बिगिनिंग ऑफ डव्हज’ या नावाने आला. १९८१ च्या ‘यू स्केअर मी टू डेथ’मध्ये सुरुवातीच्या काळातील मुद्रणांवर नवे वाद्यवादन चढवलेले आहे.

‘द चिल्ड्रन ऑफ रार्न’ हा बोलनचा अपुरा राहिलेला मोठा संकल्प. प्रागैतिहासिक पृथ्वीवरील कल्पित लोकांची ही सांगीतिक कथा. तिच्या नावाचे छोटे गीत ‘टी. रेक्स’ (१९७०) या अल्बमच्या आरंभी व अखेरीस आहे. संपूर्ण कथेचा आराखडा त्याने १९७१ मध्ये डेमो म्हणून मुद्रित केला, पण तो पुढे गेला नाही. निर्माता टोनी व्हिस्कोंटी याने त्यावर वाद्यांची भर घातली आणि १९७८ मध्ये तो श्रोत्यांपुढे आला.

१९८० च्या दशकात ‘मार्क ऑन वॅक्स’ या कंपनीने ‘बिली सुपर डुपर’ (१९८२) आणि ‘डान्स इन द मिडनाइट’ (१९८३) हे अल्बम काढले. १९७५ मध्ये मुद्रित होऊन पडून राहिलेले ‘ख्रिसमस बॉप’ही १९८२ मध्ये बाहेर आले. मृत कलावंताच्या टेपवर नवी वाद्ये चढवण्याची रीत तेव्हा सर्रास होती. अशा मुद्रणात बोलनने काय ठरवले आणि इतरांनी काय घातले, हे श्रोत्याला वेगळे काढता येत नाही. हा त्या रीतीतील मोठाच दोष होय.

पुढच्या दशकात एडसेल कंपनीने मूळ टेपकडे वळून हा दोष बराच दूर केला. ‘रॅबिट फायटर’ (१९९४) हे ‘द स्लायडर’ (१९७२) या अल्बमचे पर्यायी रूप, तर ‘लेफ्ट हँड ल्यूक’ हे ‘टँक्स’चे (१९७३). ‘अनचेन्ड’ या मालिकेत १९७२ ते १९७७ मधील अप्रकाशित मुद्रणे सालवार लावलेली आहेत. ‘द स्लायडर’मधील गाण्यांचे डेमो ऐकताना व्हिस्कोंटीने रचलेले तंतुवाद्यांचे थर आणि मार्क वोलमन व हॉवर्ड केलन यांचे वरच्या पट्टीतील साथीचे सूर बाजूला होतात. उरतो बोलनचा कापरा आवाज आणि गिटारचा ठेका. गाण्याचा सांगाडा किती मोजक्या स्वरांवर उभा आहे आणि बाकीची झळाळी कोणाच्या हातची आहे, हे तिथे उघड होते.

१९७३ नंतरच्या मुद्रणांचे मोल आणखी वेगळे आहे. या काळात बोलनच्या गाण्यांचा खप घसरला आणि त्याची उमेद संपली, असा समज रूढ झाला. टेप मात्र दुसरेच सांगतात. अमेरिकन सोल गायिका ग्लोरिया जोन्स हिच्या सहवासात तो सोल व फंक संगीताकडे झुकला होता आणि सतत नव्या चाली बांधत होता. त्यांतील कित्येक चाली कच्च्या आहेत, काही पुनरुक्त आहेत. तरीही त्याच्या उत्तरकाळाचे मूल्यमापन त्या वगळून करणे अन्यायाचे ठरेल.

नव्या श्रोत्याने आधी ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ (१९७१) व ‘द स्लायडर’ हे अल्बम ऐकावेत, नंतर ‘रॅबिट फायटर’ आणि मग ‘अनचेन्ड’कडे वळावे. वाद्यांची मागाहून भर घातलेले संग्रह सर्वांत शेवटी ऐकणे इष्ट.