गल्ल्याच्या मागची बाजू

हॉटेलात कोणाला बसू द्यायचं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. हॉटेल कोणी टाकायचं, यावर फार नाही. मी घाटंजीत गल्ल्यावर बसणारा माणूस, त्यामुळे मला हा दुसरा प्रश्न आधी दिसतो.

म्हणून कोल्हापूरच्या गंगाराम कांबळ्यांची गोष्ट जयंतीच्या भाषणात ऐकली की मला राहवत नाही. भाषणात ती शाहू महाराजांची गोष्ट असते. महाराजांनी भर रस्त्यात गाडी थांबवली, महाराच्या हातचा चहा घेतला, टाळ्या. दुसऱ्या दिवशी त्या हॉटेलात किती कप खपले, हे कोणी विचारत नाही.

गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. तिथल्या मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला ते शिवले, म्हणून त्यांना चाबकानं फोडून काढलं. महाराज तेव्हा दिल्लीला होते. परत आल्यावर सोनतळीच्या मुक्कामी गंगारामांनी त्यांच्यापुढे पाठ उघडी केली. मारणाऱ्यांना महाराजांनी आपल्या हातानं शिक्षा दिली असं सांगतात. मला त्यापुढची गोष्ट मोठी वाटते. नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर, पैसा मी देतो, असं ते म्हणाले. नुसत्या शिक्षेनं चाबकाचा हिशेब चाबकानं चुकता झाला असता आणि गंगाराम पुन्हा त्याच पागेत, त्याच हौदाशेजारी, त्याच माणसांत कामाला लागले असते. महाराजांनी त्यांना तिथून काढून धंद्यात घातलं.

हॉटेल निघालं भाऊसिंगजी रोडवर, नाव 'सत्यसुधारक'. जागा पाहा. वस्तीत टपरी टाकली असती तर कोणाचंच पोट दुखलं नसतं, आणि धंदाही वस्तीपुरताच झाला असता. हा कोल्हापूरचा वाहता रस्ता. हॉटेल चोख होतं, चहा चांगला होता. पण मालक कोण हे गावभर झालं आणि गिऱ्हाईक तुटलं.

हे तुटणं म्हणजे काय, ते धंदेवाल्याला कळतं. दूध सकाळी येतं, संध्याकाळपर्यंत थांबत नाही. भट्टी पेटवली की एका कपाला कोळसा लागतो तेवढाच पन्नास कपांना लागतो. तळलेला माल रात्री फेकावा लागतो, नाहीतर घरची पोरं तेच खातात. असे आठ दिवस गेले की दूधवाला उधारी बंद करतो. हॉटेल बंद पाडायला दगड मारावा लागत नाही, नुसतं समोरून निघून गेलं तरी पुरतं. त्याच्यावर फिर्याद तरी कशी करणार?

महाराजांना ही मेख कळली होती. ते स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, सोबतच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. कागदावर सही हवी असणाऱ्याला आधी गंगारामच्या हॉटेलात चहा घ्यावा लागे, असंही सांगतात. पुढे सोडावॉटरचं यंत्रही त्यांनी घेऊन दिलं म्हणतात. राजाज्ञा काढून लोकांना चहा पाजता आला नसता. सहीची गरज मात्र सगळ्यांनाच होती.

पाटीचाही एक किस्सा भाई माधवराव बागलांच्या आठवणींमुळे टिकला. पाटीवर जात का लिहिली नाहीस, असं महाराजांनी गमतीनं विचारलं. दुसऱ्यांच्या दुकानांवर कुठे जातीच्या पाट्या आहेत, असं गंगारामांनी उलट विचारलं. उत्तर फक्कड आहे, पण धंदेवाला म्हणून सांगतो, ते अर्धंच खरं. जात लिहिल्यानं गिऱ्हाईक वाढणार असेल तर माणूस ठळक अक्षरांत लिहितो. ब्राह्मणी खाणावळींच्या पाट्या महाराष्ट्रानं भरपूर पाहिल्यात.

कायदाही हळूहळू पुढे येत होता. दवाखाने, शाळा, सरकारी इमारतींत शिवाशिव पाळू नये, असे हुकूम कोल्हापूर संस्थानात 1919 साली निघाले. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत महाराज आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले आणि मेअखेर आमच्या विदर्भात, नागपूरच्या बहिष्कृत परिषदेला अध्यक्ष म्हणून आले. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं नाव घेऊन आली. 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा तर हॉटेलातल्या भांड्यांपर्यंत पोचला. 1976 पासून त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात.

भांड्यांपर्यंत का जावं लागलं, ते माझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. त्यांचा कप हॉटेलच्या मागच्या वळचणीला खोचलेला असे. कान तुटलेला. तो काढायचा, आपणच विसळायचा, पुढे धरायचा. वरून चहा पडायचा, कपाला किटली लागू न देता. प्यायचा, पुन्हा विसळायचा, पुन्हा खोचायचा. पैसे मात्र सगळ्यांएवढेच. तेही हातात नाही, ओट्यावर ठेवायचे.

हा कायदा मुख्यतः गिऱ्हाइकाच्या बाजूचा. तो हवाच होता. पण माझ्या बाबांनी हॉटेल टाकलं तेव्हा त्यांना तो कुठून उपयोगी पडणार? "कोनाचं हाय हे?" एवढंच विचारून माणूस पुढे जायचा. सुरुवातीला आमचं हॉटेल चाललं ते एस.टी.च्या ड्रायव्हर-कंडक्टरांवर, कापसाच्या गाड्यांवरच्या हमालांवर आणि बाजाराला येणाऱ्या कोलाम मंडळींवर. गावातला माणूस फार उशिरा आला, तोही आलुबोंड्याच्या वासानं. आता कागदी कप आलेत. प्या, चुरगाळा, फेका. कोणी प्यायलं, कोणी विसळलं, प्रश्नच मिटला. मिटला की झाकला, हे मी गल्ल्यावरून रोज पाहतो. मी अजून काचेचे ग्लास ठेवतो.

तुलनेला अमेरिका पाहा. तिथे न्यू ऑर्लिन्सला लिआ चेस नावाची काळी बाई होती, 2019 साली गेली. 'डूकी चेस' हे सासरचं हॉटेल तिनं जन्मभर चालवलं. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसून जेवणं तिथे बेकायदा होतं, तेव्हा तिच्या माडीवर दोन्हीकडचे कार्यकर्ते जेवता जेवता लढ्याची आखणी करत. 1960 साली ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या काउंटरवर कॉफी मागून बसून राहिले, तो लढा गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा होता. पण तिकडे पुष्कळ गोऱ्यांच्या घरातला स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या काळ्या बायकांच्या हातचा. शेजारी बसलेलं चालत नव्हतं, हातचं चालत होतं. आमच्याकडे आधी हातच चालत नव्हता. चेसबाई जिथे अडली नाही, तिथेच गंगाराम अडले होते.

6 मे 1922 ला महाराज गेले. सही मागायला येणाऱ्यांना चहा पाजणारा माणूस उरला नाही. त्यानंतर काही वर्षांतच गंगारामांनी पुढाकार घेऊन, आपल्या समाजातून पैसा उभा करून कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचं स्मारक बांधलं. शाहूंचं ते पहिलं स्मारक मानतात. भाषणांत यावर एक वाक्य येतं आणि पुढे सरकतं. वर्गणी मागत दारोदार फिरणं काय असतं, ते आमच्या इथे जयंतीची पावतीपुस्तकं घेऊन हिंडलेल्या पोरांना विचारा. लोक आधी मागणाऱ्याचा धंदा कसा चाललाय ते पाहतात, मग खिशात हात घालतात.