लोकमत कोणाचे? लैंगिक शिक्षणाच्या प्रश्नाची शंभर वर्षे

लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरून मांडवीकडे सरळ चालत गेले, की दोन्ही बाजूंना दुकाने दिसतात. दुकानांच्या वर आणि बोळांच्या आत घरे आहेत. त्यांतल्या काही घरांत चार-चार पिढ्या मराठी बोलत आल्या आहेत. शाळेत मुलामुलींना लैंगिक शिक्षण द्यावे की नाही, असे या घरांना विचारले तर काय उत्तर मिळेल? उत्तराचा अंदाज करण्याआधी आपण एक वेगळा प्रश्न पाहू. या विषयावर लोकांचे मत आजवर विचारले कसे गेले, आणि कोणाला?

‘आपल्याकडे हे विषय कधी बोलले जात नव्हते,’ असे आपण सहज म्हणतो. जरा घरातल्या जुन्या भाषेकडे पाहा. मुलगी मोठी झाली की ‘न्हाण आले’, ‘पदर आला’ असे म्हणत. तिला मखरात बसवत, सुवासिनींना बोलावत, गोडधोड होई. म्हणजे सगळ्या आळीला बातमी कळे. पुढे दर महिन्याला ‘कावळा शिवला’ की ती बाजूला बसे, आणि तेही घरातल्या लहानांना दिसे. सर्वांना माहीत असलेली ही गोष्ट समजावून मात्र कोणी सांगत नसे. जिच्याभोवती हा सोहळा चाले, त्या मुलीलाही आपल्याला काय झाले आहे हे बहुधा ठाऊक नसे. उणीव उच्चाराची नव्हती, स्पष्टीकरणाची होती. हा भेद पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

पहिला दाखला आपल्याच संस्थानचा. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. मुलीला १२ आणि मुलाला १६ वर्षांची मर्यादा घातली. त्याचा मसुदा आधी प्रजेपुढे ठेवला होता. विरोध झाला, तरीही कायदा आला. मत देणारे जाणते पुरुष होते, आणि कायदा होता दहा-अकरा वर्षांच्या मुलींसाठी. पुढे १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व संस्थानात लागू झाले. या दोन पावलांचा एकत्र परिणाम असा, की मुलीच्या आयुष्यात लग्नाआधीची काही वर्षे शाळेच्या नावावर जमा होऊ लागली. ती वर्षे नसती तर वयात येणाऱ्या मुलीला शाळेत काय शिकवावे, हा प्रश्नच उभा राहिला नसता.

दुसरा दाखला १९२८-२९ सालचा. संमतिवयाच्या प्रश्नावर सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते वऱ्हाडातले सर मोरोपंत जोशी. समितीने छापील प्रश्नावली हजारोंच्या संख्येने पाठवली, देशभर फिरून सुमारे ४०० साक्षी घेतल्या. शरीर, विवाह आणि वय या विषयांवर एवढ्या मोठ्या प्रमाणात लोकांना विचारण्याचा तो प्रयत्न त्या काळी फार मोठा होता. स्त्रियांनीही साक्षी दिल्या, ही त्याची थोरवी. तरी छापील प्रश्नावलीला उत्तर देणारा माणूस शिकलेला आणि बहुधा प्रतिष्ठितच असणार. ज्यांच्या वयाची चर्चा चालली होती, त्यांच्यापर्यंत तो कागद पोहोचण्यासारखा नव्हता.

तिसरा दाखला तऱ्हेने अगदी वेगळा. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या आणि विषय शिक्षणसुधारणेचा होता. त्याच वर्षी जुलैत मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. पहिल्या ठिकाणी स्त्रीशिक्षण सभेत मांडले गेले. दुसऱ्या ठिकाणी सभेत मांडता न येणारे प्रश्न पोस्टाने येऊ लागले. वाचक पत्र लिहीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. ही प्रश्नोत्तरे म्हणजे नमुना पाहणी नव्हे. लिहिणारे साक्षर होते आणि धीट होते. परंतु समितीपुढे जे कोणी बोलले नसते ते पाकिटात बंद होऊन आले. तोंडावर दिलेले मत आणि पाकिटातले मत यांत केवढे अंतर असते, हे त्या पत्रांवरून कळते.

अशाच प्रश्नोत्तरांवरून कर्व्यांवर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालत राहिले. त्याच १९३४ साली आपल्या बडोद्यात ना. गो. चापेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते, हेही ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर मत विचारण्याचे शास्त्र बडोद्यातच रुजले. विक्रम साराभाईंनी १९६० साली इथे ‘ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप’ स्थापन केला. त्या संस्थेने १९७० आणि १९८० साली कुटुंबनियोजनाच्या देशव्यापी पाहण्या केल्या. ज्या विषयावर सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यावर परका माणूस दारात उभा राहून प्रश्न विचारू लागला आणि उत्तरे मिळू लागली. निवड नीट केली, विचारणारी बाई असली आणि खोलीत तिसरे कोणी नसले, तर माणसे बोलतात, हे अशा पाहण्यांनी शिकवले.

आता शाळेच्या प्रश्नाकडे येऊ. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची एक मोठी पाहणी झाली. दहांपैकी सुमारे आठ तरुणांनी कौटुंबिक जीवनाचे किंवा लैंगिक शिक्षण आवश्यक म्हटले. ते प्रत्यक्षात मिळालेले जेमतेम १५ टक्के होते. आणि नेमक्या त्याच सुमारास, २००७ साली, महाराष्ट्र आणि गुजरातसह अनेक राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. पुस्तकांतली चित्रे आणि मजकूर यांवर आक्षेप होता. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखाली, शाळेत लैंगिक शिक्षण नको अशीच शिफारस केली. दोन्ही बाजू म्हणत होत्या की लोकमत आमच्याकडे आहे. दोघीही खोटे बोलत नव्हत्या. एका बाजूने तरुणांना घरी जाऊन विचारले होते. दुसऱ्या बाजूकडे निवेदने घेऊन आलेली मोठी माणसे होती.

इथे संशोधकाने स्वतःलाही सोडू नये. ‘कौटुंबिक जीवनाचे शिक्षण’ म्हटले की मान डोलते, ‘लैंगिक शिक्षण’ म्हटले की आखडते. पाहणीत दोन्ही शब्द जोडून विचारले, तेव्हा तो आठाचा आकडा नेमका कशाला मिळालेला होकार आहे, हे तपासलेच पाहिजे. आणि नकार देणाऱ्या पालकाला अडाणी ठरवून चालत नाही. त्याची भीती बऱ्याचदा शिक्षणाची नसते. कोण शिकवणार आणि काय दाखवणार याची असते. तोही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बालकांच्या लैंगिक शोषणाविषयीच्या निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. म्हणजे हा वाद पुन्हा शाळेच्या आणि आपल्या दारी येणार आहे. तेव्हा आपल्याकडेही मत मागतील. आपण ते द्यावेच. फक्त देण्याआधी आपल्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला एकदा विचारावे, आणि विचारून झाल्यावर गप्प बसून ऐकावे. शंभर वर्षांच्या या हकिकतीत ज्याची साक्ष सर्वांत कमी वेळा काढली गेली, तो साक्षीदार तोच आहे.