सर्वांत स्वस्त तिकिटाची जागा

वेम्बली, २८ एप्रिल १९२३

लंडनच्या वायव्येला, नव्याकोऱ्या स्टेडियमच्या फाटकाबाहेर तुम्ही उभे आहात. दुपारचा एक वाजून गेलाय. डोक्यावर चपटी टोपी, अंगात जाड कोट, खिशात चिल्लर. तिकीट नाही आणि त्याची चिंताही नाही, कारण उभं राहून बघणाऱ्याला आज फाटकावरच पैसे देऊन आत जाता येतं. एफए कपचा अंतिम सामना आहे, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. सव्वा लाख माणसं मावतील असं हे मैदान तीनशे दिवसांत उभं केलंय आणि काम संपून जेमतेम चार दिवस झालेत. एवढं मोठं मैदान भरायचं कसं, याच धास्तीने आयोजकांनी जाहिरातीचा धडाका लावला होता.

पावणेदोनला फाटकं बंद होतात. तुम्ही तोवर आत शिरलेले असता. बाहेर राहिलेले मात्र घरी जायचं नाव घेत नाहीत. कुणी भिंतीवर चढतं, कुणी फाटकाला खांदा लावतं. कागदावरचा आकडा १,२६,०४७ असा नोंदला जाईल. खरी गर्दी दोन लाखांच्या वर असावी असा अंदाज पुढे कित्येक वर्षं सांगितला जाईल. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतो तो पाठीवरचा रेटा. पुढच्या रांगा कठडा ओलांडून सरळ मैदानात सांडतात आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही. हिरवळ दिसेनाशी होते. राजे पंचम जॉर्ज येतात, बँड राष्ट्रगीत वाजवतो, लोक अदबीने गातात. पण मागे सरा म्हटलं तर सरायचं कुठे?

मग घोडेस्वार पोलीस येतात. जॉर्ज स्कोरी नावाचा शिपाई आपल्या करड्या घोड्यावरून, न ओरडता, लोकांना पाऊल पाऊल मागे सारू लागतो. चित्रफितीत हा घोडा पांढराशुभ्र दिसेल आणि हा सामना कायमचा ‘पांढऱ्या घोड्याचा’ होऊन बसेल. घोड्याचं नाव बिली. तो तुमच्या इतक्या जवळून जातो की त्याच्या अंगाची ऊब गालाला लागते. पुढचे लोक हातात हात गुंफतात, मागे रेलतात आणि चुन्याची पांढरी रेघ हळूहळू उघडी पडते. तुमच्या बुटांची टोकं बरोबर त्या रेघेवर आहेत.

पाऊण तास उशिराने खेळ सुरू होतो. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनचा डेव्हिड जॅक गोल करतो. मध्यंतराला खेळाडू आतसुद्धा जात नाहीत, कारण जायला वाटच नाही. बोल्टन २–० जिंकतं. हजारेक लोक जखमी होतात, पण कुणी दगावत नाही. पुढच्या वर्षीपासून अंतिम सामन्याला आधी तिकीट काढूनच यायचं असं ठरतं. देशभरातल्या बाकीच्या मैदानांवर मात्र फारसं काही बदलत नाही.

बोल्टन, ९ मार्च १९४६

युद्ध संपून वर्षही झालेलं नाही आणि माणसं फुटबॉलला आसुसलेली आहेत. त्याच बोल्टनच्या घरच्या मैदानावर, बर्न्डेन पार्कवर, तुम्ही आलात. समोर स्टोक सिटी आणि त्यांच्याकडून स्टॅन्ली मॅथ्यूज. आत सुमारे ८५,००० लोक आहेत. तुम्ही पलीकडच्या बाजूला आहात, त्यामुळे समोरच्या कोपऱ्यात दोन कठडे मोडल्याचं तुम्हाला दिसत नाही. खेळ थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. मैदानाच्या कडेला लाकडाच्या भुशाने नवी रेघ आखलेली आहे आणि तिच्या पलीकडे काहीतरी झाकून ठेवलंय. ती माणसं आहेत. ३३ जण गेले. खेळ पूर्ण होतो, ०–०.

चौकशी होते. मैदानांना परवाने द्यावेत, किती माणसं सोडायची याला मर्यादा घालावी, अशा शिफारशी येतात. त्यांना कायद्याचं बळ मिळायला १९७५ साल उजाडतं. तेही केव्हा, तर २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातून बाहेर पडताना एकाच जिन्यावर ६६ माणसं चिरडून मेल्यावर.

लिव्हरपूल, १८ एप्रिल १९६४

फुटबॉल म्हणजे नुसती दुर्घटनांची यादी नाही. लोक जीव मुठीत धरूनही का येत राहिले, हे कळायला लिव्हरपूलच्या घरच्या मैदानात, अ‍ॅनफिल्डच्या कॉपवर उभं राहायला हवं.

कॉप म्हणजे गोलच्या मागचा, छताखालचा, पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड उतार. खुर्ची एकही नाही. सुमारे २८,००० माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि त्यांत तुम्ही. आज आर्सेनलला हरवलं की लिव्हरपूल लीगचे विजेते. बीबीसीचे कॅमेरे आलेत. त्यांना खेळाइतकंच या गर्दीचंही चित्रण हवंय. सगळा कॉप एका लयीत डुलतोय आणि बीटल्सची गाणी गातोय. गाणं कोण सुरू करतं, दिसत नाही. ते एका कोपऱ्यात उमटतं आणि पुढच्या ओळीला २८,००० गळ्यांत असतं. शेजारचा गोदी कामगार तुम्हाला ओळखत नाही. पण गोल झाल्यावर तुमच्या गळ्यात पडतो. पाच वेळा पडतो, कारण लिव्हरपूल ५–० जिंकतं.

आता खाली बघा. चेंडू तुमच्या बाजूला आला की मागून लाट येते, पाय सुटतात आणि तुम्ही दहाबारा पायऱ्या खाली जाऊन थांबता. चर्चगेटच्या गर्दीच्या लोकलमध्ये निदान डब्याला भिंत असते, इथे पुढच्या माणसाची पाठ हीच भिंत. आडवे लोखंडी कठडे अधूनमधून आहेत. जाणते लोक त्यांच्या मागे नव्हे, पुढे उभे राहतात, म्हणजे लाट आली तर बरगडी दांड्यावर आपटत नाही. लघवीला जायचं तर या माणसांमधून वर चढून जायचं आणि परत आपल्या जागी यायची आशा सोडायची. त्यामुळे बरेच जण जातच नाहीत. पायाखालून काय ओघळतंय ते बघू नका. बाईमाणूस औषधालाही दिसत नाही. लहान पोरांना डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवतात.

हा आनंद खरा होता आणि हे हालही खरे होते. लोकांनी हाल सोसले ते हौसेने नव्हे. दुसरं काही मिळतच नव्हतं.

शेफील्ड, १५ एप्रिल १९८९

चार वर्षांपूर्वी ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड काही मिनिटांत जळून खाक झाला आणि ५६ माणसं गेली. पायाखालच्या फटींतून वर्षानुवर्षं साठलेला कचरा पेटला होता. पण आज शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर कुणाच्या मनात आगीची भीती नाही. अधिकाऱ्यांच्या मनात भीती आहे ती प्रेक्षकांचीच. हुल्लडबाजी नको म्हणून मैदानापुढे पोलादी जाळी ठोकलीय आणि उभ्या प्रेक्षकांचे कप्पे पाडलेत.

लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, कपचा उपांत्य सामना. तुमचं तिकीट लेपिंग्स लेनच्या बाजूचं, वरच्या खुर्चीचं. अडीच वाजलेत आणि बाहेर पाऊल टाकायला जागा नाही. खाली उभं राहणाऱ्या १०,१०० लोकांसाठी एकेक माणूस आत सोडणारी फिरती फाटकं आहेत फक्त सात. तीनच्या आत एवढे लोक आत जाणं अशक्य आहे, हे हिशेब करणाऱ्या कुणालाही आधीच कळलं असतं.

तुम्ही कसेबसे वर पोचता. २ वाजून ५२ मिनिटांनी, बाहेरची चेंगराचेंगरी टाळायला, पोलीस एक मोठं फाटक उघडायला लावतात. आत आलेल्यांना समोर एकच वाट ठळक दिसते, मधल्या कप्प्यांकडे उतरणारा बोगदा. ते कप्पे आधीच खच्चून भरलेत. डाव्या-उजव्या कप्प्यांत जागा आहे. तुम्हाला वरून ती स्पष्ट दिसते. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून ‘बाजूने जा’ सांगणारा एकही माणूस नाही.

३ वाजून ६ मिनिटांनी पंच खेळ थांबवतात. तुम्ही वाकून खाली हात देता, आणि तुमच्याबरोबरचे सगळेच देतात. मनगटं धरून माणसं वर ओढली जातात. मैदानात प्रेक्षकच जाहिरातींचे फलक उपटून त्यांच्या स्ट्रेचर करतात. या दिवसाने ९७ जीव घेतले. त्यातला शेवटचा माणूस त्या दिवशीच्या इजांमुळे ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला.

त्याच संध्याकाळपासून दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. मृतांच्या घरच्यांनी तो पुसायला २७ वर्षं झुंज दिली. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला: ही माणसं बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

वेम्बली, २००७

हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालाने मैदानांचा चेहरामोहरा बदलला. जाळ्या गेल्या. मोठ्या क्लबांना प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची देणं बंधनकारक झालं. १९९४ मध्ये कॉपच्या पायऱ्याही पाडल्या गेल्या.

पुन्हा त्याच वेम्बलीत या. जुनं स्टेडियम पाडून त्या जागी नवं उभं आहे. ९०,००० खुर्च्या, २,६१८ शौचालयं. जुन्या रॉयल बॉक्समध्ये जेवढी होती त्याहून जास्त पाय पसरायची जागा इथे प्रत्येक खुर्चीपुढे आहे, असं स्टेडियमवाले अभिमानाने सांगतात. तुमच्या तिकिटावर फाटक, रांग, खुर्ची छापलेली आहे. शेजारी एक आजी नातीला घेऊन बसल्यात. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्याला नीट दिसेल अशी जागा आहे. १९२३ मध्ये बुटाखाली चुन्याची रेघ घेऊन उभ्या असलेल्या तुम्हाला हे स्वप्नवत वाटेल.

लिव्हरपूल, ६ फेब्रुवारी २०१६

आता या सुखाचं बिल बघा. तुम्ही कॉपवर आहात, २८,००० उभ्यांच्या जागी मांडलेल्या बारा हजारांवर खुर्च्यांपैकी एकीत. लिव्हरपूल सन्डरलंडविरुद्ध २–० ने पुढे आहे. घड्याळात ७७ वं मिनिट लागतं आणि आजूबाजूचे लोक उठून चालू लागतात. मैदानभरातून दहाएक हजार. पुढच्या हंगामात काही जागांचं तिकीट ७७ पौंड होणार, म्हणून हा निषेध. रिकाम्या खुर्च्यांसमोर संघ दोन गोल खातो, सामना २–२ सुटतो. काही दिवसांतच मालक माघार घेतात.

टेलर यांनी त्याच अहवालात म्हटलं होतं की खुर्च्या बसवल्या म्हणून तिकीट आवाक्याबाहेर जायचं कारण नाही. उदाहरण म्हणून त्यांनी खुर्चीला ६ पौंड, उभ्याला ४ पौंड असे दर दिले होते. क्लबांनी त्यांच्या अहवालातल्या खुर्च्या घेतल्या आणि दराचं पान उलटून टाकलं. शेजारचा गोदी कामगार आता कॉपवर सापडत नाही.

डॉर्टमुंड, आज

सुरक्षितता आणि परवडणारं तिकीट, दोन्ही एकत्र जमतं का? जर्मनीत या. बोरुसिया डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर लीगच्या सामन्याला सुमारे २५,००० लोक उभे असतात, पिवळ्या रंगाची एक सलग भिंत. गाणी जुन्या कॉपच्या तोडीची. पण किती माणसं सोडायची हे ठरलेलं आहे, मजबूत कठडे नेमक्या अंतरावर आहेत, आणि उभ्याचं तिकीट साध्या नोकरदाराला परवडतं. हे बघून इंग्लंडनेही २०२२ मध्ये, प्रत्येक रांगेला कठडा बसवून, उभं राहायला पुन्हा परवानगी दिली. म्हणजे पायऱ्या कधीच गुन्हेगार नव्हत्या. माणसं न मोजणं हा गुन्हा होता.

कोल्हापूर, येता हंगाम

शेवटचा मुक्काम आपल्या घरी. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना आहे. पेठापेठांतून पोरं निघालीत, दुपारपासून पायऱ्या भरताहेत. हा जोश विकत मिळत नाही. याच शहराने अनिकेत जाधवला २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात पाठवलं.

त्या पायऱ्यांवर बसायच्या आधी, किंवा कूपरेज, फातोर्डा, नेरुळ, तुमचं जे मैदान असेल तिथे जाल तेव्हा, पाच मिनिटं काढा आणि बघा. बाहेर पडायची दारं किती आहेत? ती बाहेरच्या बाजूला उघडतात का, आणि सामना संपेपर्यंत कुलपात तर नाहीत ना? किती माणसं सोडायची हे कुणी ठरवलंय का, आणि मोजतंय कोण? बायकांसाठी वापरता येईल असं शौचालय आहे का? प्यायचं पाणी आहे? रुग्णवाहिका मैदानापर्यंत येईल एवढी वाट मोकळी आहे?

आपल्याकडे नवं स्टेडियम म्हटलं की आधी छत, दिवे आणि पाहुण्यांचे सोफे यांची चर्चा होते. ब्रिटनला हा क्रम उलटा करायला सत्तर वर्षं आणि शेकडो जीव मोजावे लागले. तो हिशेब त्यांनी लिहून ठेवलाय. आपण तो फुकट वाचू शकतो. म्हणून मैदान बांधणाऱ्या, चालवणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती आहे. आराखडा मंजूर करण्यापूर्वी सर्वांत स्वस्त तिकीट हातात घ्या, त्या जागेवर जाऊन बसा, आणि तिथून बाहेरच्या रस्त्यापर्यंत भरल्या गर्दीत पोचायला किती वेळ लागेल ते मोजा. ती वाट आधी रुंद करा. सोफे नंतर आणा.