वकील नसताना ‘आदेश अकरा’

आमचे काका बडोद्याला असत. घराच्या हिश्श्यावरून दावा चालू होता आणि वकिलाची फी परवडेना, म्हणून ते स्वतःच कोर्टात उभे राहत. एकदा समोरच्या बाजूने कोर्टाच्या परवानगीने बारा प्रश्न पाठवले, शिवाय कागदपत्रांची यादी मागितली. काका म्हणाले, “आपल्याच विरुद्धचा पुरावा मी कशाला देऊ?” आणि तो कागद ट्रंकेत गेला.

काकांचा प्रश्न जुना आहे. इंग्लंडच्या कॉमन लॉ कोर्टांत एकेकाळी पक्षकाराला साक्षच देता येत नसे. समोरच्याच्या पेटीतला दस्त बाहेर काढायचा तर चॅन्सरी कोर्टात वेगळा अर्ज करावा लागे. एका भांडणाला दोन कोर्टं! १८५४ च्या कायद्याने कॉमन लॉ कोर्टांतही लेखी प्रश्न विचारायची सोय झाली, १८७३ च्या कायद्याने दोन्ही व्यवस्था एकत्र आणल्या. तीच रीत आपल्याकडे आली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ११ तो हाच.

त्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वकील असो वा नसो, उत्तराची शपथ पक्षकाराने घ्यायची. प्रश्नांना उत्तर प्रतिज्ञापत्रावर, दहा दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत. प्रश्न गैरलागू किंवा खोडसाळ असेल तर हरकत घेता येते, पण ती त्या उत्तरातच लिहायची. कागदांचे तीन ढीग करायचे: आहेत आणि दाखवतो, आहेत पण दाखवायला हरकत आहे, कारण अमुक (वकिलाशी सल्ल्यासाठी झालेला पत्रव्यवहार, उदाहरणार्थ), आणि पूर्वी होते, आता नाहीत. या तिसऱ्या ढिगात माणसं अडकतात. नुसतं ‘हरवलं’ म्हणून भागत नाही. शेवटी केव्हा जवळ होता आणि पुढे त्याचं काय झालं, तेही सांगावं लागतं.

आणि कोर्टाने हुकूम केल्यावरही गप्प बसलं तर? नियम २१. वादीचा दावा निकाली निघू शकतो, त्याच कारणावर नवा लावता येत नाही. प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. १९७८ मध्ये ‘बब्बर सुइंग मशीन कंपनी’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की ही टोकाची शिक्षा आहे, हुकूम जाणूनबुजून धुडकावणाऱ्यासाठीच ती वापरावी. हा निकाल काकांना ठाऊक नव्हता. त्यांचं नशीब, न्यायाधीशांनी आणखी एक तारीख दिली.

त्या रात्री ट्रंक उघडली. काकूंनी कागद निवडले, काकांनी यादी लिहिली. तिसऱ्या ढिगात एकच नोंद होती: ‘घरपट्टीची पावती, आजोबांच्या नावाची. कपाटात होती. वाळवीने खाल्ली.’