फटफटीचा आवाज आणि फटफटीची चाल

एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे पुण्याहून लोणावळ्याला निघालेली समस्त बाइक मंडळी जुन्या हायवेने, म्हणजे आपल्या वडगावच्या दारावरूनच जातात. शनिवार-रविवारी काही गाड्यांचा आवाज गाडी दिसायच्या आधी येतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "दादा, मॉडिफाय केलीय." काय मॉडिफाय केलं? तर सायलेन्सर. बास.

आपल्या भागात गाडीत बदल करणं नवीन नाही. दूधवाल्यांनी राजदूतला दोन्ही बाजूंना लोखंडी अडकवण्या लावून किटल्या टांगल्या, तेही मॉडिफिकेशनच. एनफिल्डने तर स्वतःच बुलेटमध्ये 325 सीसीचं डिझेल इंजिन बसवून 'टॉरस' विकली. ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, पण डिझेलवर पळायची म्हणून लोकांनी घेतली. हे सगळे बदल पोटासाठी होते.

शौकाचं प्रकरण खरं सुरू झालं 2001 साली. आपल्या शेजारच्या आकुर्डीच्या बजाजने 'कावासाकी बजाज एलिमिनेटर' आणली. 175 सीसीचं कावासाकीचं इंजिन, खाली बसकी सीट, पुढे पाय, लांबलचक चाकांचं अंतर. दिसायला राजेशाही, पण महाग. मग 2005 मध्ये कंपनीने त्याच धाटणीच्या अंगात पल्सरचं 180 सीसीचं इंजिन घातलं आणि नाव दिलं 'अव्हेंजर'. 2007 ला 200 सीसी, 2010 ला 220. म्हणजे बघा, आपली सगळ्यात लाडकी क्रूझर ही कंपनीनेच केलेलं मॉडिफिकेशन आहे! त्याच दशकात मुंबईत अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' नावाने बुलेटच्या चॉपर बनवायला घेतल्या, आणि गॅरेजवाल्या पोरांना कळलं की हा धंदाही होऊ शकतो. डिसेंबर 2021 मध्ये गोव्याचा 'इंडिया बाइक वीक' आपल्याकडे अॅम्बी व्हॅलीत भरला, तेव्हा तर या शौकाची जत्राच मावळात आली.

पण एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. क्रूझर जन्मली अमेरिकेतल्या सरळसोट, मैलोन्‌मैल रस्त्यांसाठी. आपल्याकडे खंडाळ्याचा घाट आहे, पवना धरणाकडची वळणं आहेत, पावसाळ्यात शेवाळलेला डांबर आहे. चाकांतलं अंतर जास्त असलं की गाडी सरळ रस्त्यावर रेल्वेसारखी धावते आणि वळणावर जिवावर येते. यात पोरं काय करतात? हँडल अजून उंच करतात. त्याने पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, ब्रेकचा होज ताणला जातो. अव्हेंजरला मागे 130 चा टायर येतो, तो काढून 150 चा घुसवतात. फोटोत झकास. पण रुंद टायर गाडी झुकू देत नाही, आणि कधी कधी चेनला नाहीतर स्विंगआर्मला घासतो. मोकळा सायलेन्सर लावला आणि कार्ब्युरेटरचा जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. आवाज वाढतो, ओढ मात्र घाटात कमी होते.

कामशेतकडे एक जुना मिस्त्री आहे, बुलेटच्या जमान्यातला. त्याचा क्रम असा: आधी टायर आणि त्यातली हवा, मग ब्रेक शू आणि होज, मग पुढच्या फोर्कचं ऑइल, मग मागचे शॉकअप. स्टिअरिंगचे बेअरिंग तो हाताने हलवून बघतो. हे सगळं झाल्यावर गिऱ्हाईकाला अजून ताकद हवी असेल तर मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात मोठं. टॉप स्पीड थोडा जातो, चढाला गाडी ओढते. यातलं काहीच रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही. म्हणूनच त्याच्याकडे रांग नसते, असं माझं मत.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकात कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलीस सायलेन्सर जप्त करतात, रोडरोलर फिरवतात, पेपरात फोटो येतो. मी स्वतः अशा बातम्या दिल्यात. पण गुळगुळीत टायर आणि संपलेले ब्रेक शू घेऊन घाट उतरणारा बिनआवाजाचा गाडीवाला त्या नाक्यावरून आरामात निघून जातो. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं 2019 च्या एप्रिलपासून. त्याआधीच्या गाड्या अजून हजारोंनी रस्त्यावर आहेत आणि त्यांचे ब्रेक तपासायला नाक्यावर कुणी खाली वाकत नाही. तळेगाव एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारी आपली पोरं याच जुन्या गाड्यांवर असतात.

आरटीओने एका रविवारी लोणावळ्याच्या अलीकडे टायर-ब्रेक तपासणीचा कॅम्प लावावा, दंड न करता. मी बातमी पहिल्या पानावर लावायचा प्रयत्न करीन.

आणि मंडळी, मावळात कुणाकडे चालू स्थितीतली जुनी एलिमिनेटर असेल तर कमेंटमध्ये सांगा. फोटो काढायला येतो.