गुरुत्वीय लहरींचे भिंगीकरण

दूरच्या स्रोताकडून निघालेल्या गुरुत्वीय लहरी वाटेतील दीर्घिका, दीर्घिकासमूह किंवा कृष्णविवर यांसारख्या प्रचंड वस्तुमानाच्या वस्तूजवळून जाताना वळतात व त्यांची तीव्रता बदलते. या परिणामास गुरुत्वीय लहरींचे भिंगीकरण म्हणतात. वाटेतील वस्तू येथे भिंगाचे काम करते.

पार्श्वभूमी

व्यापक सापेक्षता सिद्धान्तानुसार वस्तुमानामुळे अवकाश-काळ वक्र होतो. ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वळतो, हे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात दिसून आले. १९७९ साली एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा आढळल्या. प्रकाशाच्या बाबतीत हे अशा भिंगाचे पहिले ज्ञात उदाहरण होय. गुरुत्वीय लहरींची पहिली प्रत्यक्ष नोंद अमेरिकेतील लायगो वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी केली.

स्वरूप

भिंग पुरेसे प्रबळ असल्यास एकाच घटनेच्या लहरी वेगवेगळ्या मार्गांनी पृथ्वीवर पोहोचतात. दीर्घिकेच्या भिंगामुळे त्यांच्या आगमनात काही मिनिटांपासून काही महिन्यांपर्यंत अंतर पडू शकते. या संकेतांची वारंवारता सारख्याच रीतीने बदलते. फरक प्रामुख्याने आयाम, कला व आगमनकाळ यांत असतो.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, तर १०० हर्ट्झ वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरीची तरंगलांबी सुमारे ३,००० किलोमीटर असते. त्यामुळे सूर्याच्या शेकडो ते हजारो पट वस्तुमानाच्या भिंगाभोवती या लहरींचे विवर्तन व व्यतिकरण होऊन संकेताचा आकारच बदलू शकतो.

मापनावरील परिणाम

स्रोताचे अंतर लहरींच्या आयामावरून ठरवले जाते. भिंगामुळे तीव्रता ९ पट झाली, तर आयाम ३ पट होतो आणि स्रोत प्रत्यक्षाच्या एक तृतीयांश अंतरावर असल्याचे भासते. अंतर कमी धरले गेल्याने विश्वाच्या प्रसरणामुळे झालेला बदलही कमी मोजला जातो, आणि कृष्णविवरांचे वस्तुमान खऱ्याहून अधिक ठरते. म्हणून भिंगीकरण ओळखता न आल्यास निष्कर्ष चुकू शकतात.

शोध व महत्त्व

लायगो आणि युरोपातील व्हर्गो यांच्या तिसऱ्या निरीक्षण सत्रातील नोंदींत भिंगीकरणाचा खात्रीशीर पुरावा मिळाला नाही. दोन संकेत सारखे दिसले, तरी ते दोन स्वतंत्र घटनांचे असू शकतात. त्यामुळे ते आकाशाच्या एकाच भागातून आले का, हे तपासावे लागते. वेधशाळा एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी दिशा अधिक अचूक कळते. महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेचा यासाठी उपयोग होईल.

संकेतांच्या आगमनातील अंतर मिलिसेकंदांपर्यंत मोजता येते. भिंगाच्या वस्तुमानाची रचना व स्रोताचे अंतर ठाऊक असल्यास त्यावरून हबल स्थिरांक काढता येईल, तसेच प्रकाश न देणाऱ्या कृष्णद्रव्याच्या वितरणाचाही अभ्यास करता येईल.