एकट्याची समुद्रसफर आणि दुसऱ्या खाटेचे भाडे

क्रूझच्या जाहिरातीत भाड्याचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. त्याखाली बारीक अक्षरांत एक अट असते : 'प्रतिव्यक्ती, दोघांनी एक केबिन घेतल्यास'. जोडप्याच्या नजरेतून ही अट सहज सुटते. मात्र एकट्याने निघालेल्या प्रवाशासाठी खरी किंमत ठरते ती याच ओळीवरून. दोघांसाठी बांधलेली केबिन एकट्याने घेतल्यास अनेकदा न आलेल्या माणसाचेही भाडे त्यालाच भरावे लागते.

निवृत्तीनंतर जोडीदाराविना राहिलेले, अविवाहित, अथवा ज्यांच्या जोडीदाराला समुद्र मानवत नाही, अशा प्रवाशांपुढे हा प्रश्न नेहमीच उभा राहतो. हा जादा भार टाळण्याचे किंवा निदान कमी करण्याचे काही मार्ग आहेत. मात्र 'एकट्यासाठी' अशी पाटी लावलेली प्रत्येक केबिन स्वस्त असतेच असे नाही.

जादा आकार कशासाठी?

हॉटेलमध्ये साधारणपणे खोलीचे भाडे आकारले जाते. तेथे एक जण राहिला काय किंवा दोघे, फरक थोडाच पडतो. क्रूझवर भाडे माणसागणिक सांगितले जाते, पण प्रत्यक्षात विकली जाते ती खोलीच. केबिनची संख्या ठरलेली असते आणि जहाजाने बंदर सोडल्यावर रिकामी राहिलेली खाट कोणाला विकता येत नाही. शिवाय कंपनीचे उत्पन्न केवळ तिकिटावर अवलंबून नसते. मद्य, कॅसिनो, स्पा, छायाचित्रे आणि किनाऱ्यावरील सहली यांतूनही तिला मोठी मिळकत होते. दोन खाटांच्या केबिनमध्ये एकच प्रवासी आला, तर दुसऱ्याचा हा खर्चही बुडतो. त्याची भरपाई 'सिंगल सप्लिमेंट' या नावाने एकट्याकडून घेतली जाते. हा आकार मूळ भाड्याच्या १०० टक्क्यांपर्यंत जातो.

बोट हे जेव्हा प्रवासाचे साधन होते, तेव्हा परिस्थिती वेगळी होती. कामानिमित्त एकट्याने महासागर ओलांडणारे प्रवासी पुष्कळ असत. १९६९ मध्ये सेवेत आलेल्या 'क्वीन एलिझाबेथ २' या प्रसिद्ध जहाजावरही एकेरी केबिन होत्या. जेट विमानांनी ही वाहतूक हिरावून घेतली, जहाजे प्रामुख्याने सहलीसाठी वापरली जाऊ लागली आणि जोडपे हे हिशेबाचे एकक बनले.

हिशेब कसा मांडावा?

बिलाचे तीन भाग असतात : भाडे, बंदर शुल्क व कर आणि कर्मचाऱ्यांसाठीची दैनंदिन टिप. सप्लिमेंट सामान्यतः केवळ भाड्यावर लागते. उरलेले दोन्ही भाग माणसागणिक असल्यामुळे एकट्याने ते एकाचेच भरावयाचे असतात.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सात रात्रींच्या सफरीचे प्रतिव्यक्ती भाडे ६० हजार रुपये, बंदर शुल्क व कर १० हजार आणि टिप ८ हजार रुपये आहे. जोडप्यापैकी प्रत्येकाला ७८ हजार रुपये पडतील. १०० टक्के सप्लिमेंट असल्यास एकट्याचे बिल १ लाख ३८ हजार होईल, तर ५० टक्के असल्यास १ लाख ८ हजार. त्याच जहाजावरील एकेरी केबिनचे भाडे ८० हजार असेल, तर एकूण रक्कम ९८ हजार होईल. तेव्हा एकेरी केबिन फायद्याची ठरते. पण तिचेच भाडे ९५ हजार असेल, तर एकूण १ लाख १३ हजार मोजावे लागतील. अशा वेळी ५० टक्के सप्लिमेंट भरून घेतलेली मोठी केबिन स्वस्त पडते.

म्हणून तुलना नेहमी अंतिम रकमेची आणि तीही प्रतिरात्र करावी. भाषेचाही घोटाळा होऊ शकतो. एक एजंट '१०० टक्के सप्लिमेंट' म्हणतो, तर दुसरा '२०० टक्के भाडे'. दोन्हींचा अर्थ एकच.

एकट्यासाठी बांधलेल्या केबिन

या विचाराला मोठी चालना मिळाली ती २०१० मध्ये. त्या वर्षी 'नॉर्वेजियन एपिक' हे जहाज एकट्या प्रवाशांसाठीच्या १२८ 'स्टुडिओ' केबिनसह दाखल झाले. सुमारे १०० चौरस फुटांच्या या खोल्या जहाजाच्या आतल्या भागात आहेत. त्यांची खिडकी समुद्राकडे नव्हे, तर मार्गिकेत उघडते. मात्र या प्रवाशांसाठी स्वतंत्र बैठकीची जागा ठेवण्यात आली आणि ती व्यवस्था लोकप्रिय झाली. २०१४ मध्ये आलेल्या रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 'क्वांटम ऑफ द सीज' या जहाजावर काही एकेरी खोल्यांना बाल्कनीही मिळाली. 'क्वीन मेरी २' या जहाजावर २०१६ च्या नूतनीकरणात १५ एकेरी केबिन वाढविण्यात आल्या. २०२४ पासून नॉर्वेजियन कंपनीने आतल्या, खिडकीच्या आणि बाल्कनीच्या अशा निरनिराळ्या प्रकारच्या केबिन एकट्या प्रवाशांना वेगळ्या दराने देण्याचे धोरण सर्व जहाजांवर लागू केले.

तरीही हजारो प्रवाशांच्या जहाजावर अशा खोल्यांची संख्या अल्पच असते. मागणी मात्र मोठी असते. त्यामुळे त्या लवकर संपतात आणि त्यांचे दर अनेकदा चढे राहतात.

आरक्षण केव्हा करावे?

येथे दोन परस्परविरुद्ध नियम लागू होतात. एकेरी केबिन हवी असेल, तर सफर जाहीर होताच आरक्षण करणे श्रेयस्कर. या केबिनवर शेवटच्या क्षणी सवलत मिळण्याची शक्यता कमी. याउलट दोघांच्या केबिनवरील सप्लिमेंट उशिरा उतरू शकते. प्रवाशांनी अंतिम रक्कम भरण्याची मुदत सफरीपूर्वी साधारणतः दोन ते चार महिने असते. त्या सुमारास अनेक आरक्षणे रद्द होतात आणि रिकाम्या केबिन भरण्यासाठी कंपन्या सप्लिमेंट घटवितात.

भारतीय प्रवाशाने मात्र या दुसऱ्या मार्गाचा विचार जपून करावा. युरोपातील सफरीसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि उन्हाळ्यात त्याच्या मुलाखतीची तारीख मिळण्यासही वेळ लागतो. केबिनवर वाचलेले पैसे ऐनवेळच्या विमान तिकिटात जाऊ शकतात. म्हणून उशिरा आरक्षण करण्याचा लाभ प्रामुख्याने मुंबईसारख्या देशी बंदरांतून सुटणाऱ्या सफरींवर घेता येतो.

हंगामाचाही परिणाम होतो. शाळांच्या सुट्या, नाताळ आणि नववर्ष या काळात कुटुंबांची गर्दी असल्याने कंपन्यांना एकट्या प्रवाशाची गरज नसते. याउलट हंगामाच्या कडेला दर उतरतात. अलास्काचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. त्याची सुरुवात आणि अखेर स्वस्त असते. शरद ऋतूत भूमध्य समुद्रातील अनेक जहाजे कॅरिबियनकडे निघतात आणि वसंतात परततात. अशा स्थलांतराच्या सफरींत समुद्रावरील दिवस अधिक आणि बंदरे कमी असतात. त्यांचे प्रतिरात्र भाडे बहुधा कमी असते. मात्र त्या एका बंदरात सुरू होऊन दुसऱ्याच बंदरात संपत असल्याने विमानभाडे त्यात धरूनच हिशेब करावा.

केबिनची जागा निवडण्याचा हक्क सोडल्यासही भाडे कमी होते. यास 'गॅरंटी' केबिन म्हणतात. प्रकार ठरलेला असतो, पण क्रमांक कंपनी नंतर कळविते. झोप हलकी असणाऱ्यांनी आणि बोट लागणाऱ्यांनी हा पर्याय विचारपूर्वक घ्यावा. कारण खोली जहाजाच्या टोकाला किंवा नृत्यगृहाखालीही मिळू शकते.

भागीदारीचा मार्ग

महाराष्ट्रातील पर्यटन संस्थांच्या समूह सहलींत, विशेषतः महिलांच्या सहलींत, एकट्या प्रवाशाला समलिंगी सहप्रवाशासोबत खोली देण्याची पद्धत रुळलेली आहे. क्रूझचा समावेश असलेल्या सहलींतही हा मार्ग उपयोगी पडतो आणि सप्लिमेंट पूर्ण वाचते. पण केबिन हॉटेलच्या खोलीहून बरीच लहान असते. घोरणे, झोपेच्या वेळा, प्रार्थना, औषधे यांविषयी आधी बोलून घेतलेले बरे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पैशाचा. सहप्रवाशाने ऐनवेळी बेत रद्द केला, तर उरलेल्या प्रवाशाकडून सप्लिमेंट घेतले जाईल काय, याचे उत्तर लेखी घ्यावे.

खाटेनुसार तिकीट

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटींवर डेकचे तिकीट एका माणसाचे असे. तो एकटा आहे की कुटुंबासह, याला महत्त्व नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या 'आंग्रिया' या जहाजावरही खोल्यांबरोबर सामायिक कक्षातील खाटा उपलब्ध होत्या. कोरोनाच्या साथीनंतर ती सेवा राहिली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस' या जहाजाची रचना मात्र नेहमीच्या क्रूझसारखी, केबिननिहाय आहे.

खाटेनुसार तिकिटाची पद्धत सरकारी प्रवासी जहाजांवर टिकून आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून अंदमानकडे, तसेच कोचीहून लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांवर बंकपासून वरच्या वर्गापर्यंत माणशी एक खाट मिळते. दुसऱ्या खाटेचे भाडे भरण्याचा प्रश्नच येत नाही. अंदमानच्या प्रवासास सुमारे तीन दिवस लागतात. या जहाजांवर क्रूझचा थाट नसतो, वेळापत्रकात बदल होतात आणि लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना आवश्यक असतो. ज्याला करमणुकीपेक्षा समुद्र हवा आहे, त्याच्यासाठी मात्र हा सर्वांत कमी खर्चाचा पर्याय आहे.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

* सांगितलेली रक्कम एकट्याच्या नावाने काढलेली अंतिम रक्कम आहे काय? त्यात बंदर शुल्क, कर व टिप समाविष्ट आहेत काय? 

* त्याच सफरीवर एकेरी केबिन आणि दोघांची आतली केबिन, दोन्हींचे दर काय आहेत?

* पैसे भरल्यानंतर दर उतरल्यास फरक मिळेल काय? अंतिम रक्कम भरण्यापूर्वी काही कंपन्या तो देतात, पण मागावा लागतो.

* पूर्ण सप्लिमेंट भरणाऱ्याला नियमित ग्राहक योजनेत जादा गुण मिळतात काय?

* परदेशी सफरीच्या पॅकेजवर टीसीएस किती कापला जाईल? ही रक्कम विवरणपत्र भरताना करात वळती करता येते किंवा परत मिळते. पण आरंभी ती हातातून द्यावी लागते.

* मार्गातील सर्व देशांसाठी एकच व्हिसा चालेल की बहुप्रवेश व्हिसा लागेल?

काटकसर करताना विम्याला मात्र कात्री लावू नये. जहाजावरील वैद्यकीय उपचार महाग असतात आणि आजारी प्रवाशाला किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च मोठा असतो. जोडप्यातील एक आजारी पडला, तर दुसरा धावपळ करू शकतो. एकट्या प्रवाशाने ती सोय आधीच करून ठेवावी : पॉलिसीचा क्रमांक, औषधांची यादी आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवावा. सफर सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या शहरात पोहोचावे. विमानाला उशीर झाल्यास जहाज थांबत नाही आणि बुडालेल्या सफरीचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत.